घर शाकारायचे तरी कुणासाठी?

तुमचा प्रश्न मी तीन वेळा वाचला. इतर वाचकांसाठी तो थोडक्यात सांगते. तुमचे वय ४९ आहे. पुण्यातील नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन तुम्ही दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या मूळ गावी येऊन राहिला आहात. दीड वर्षापूर्वी आई गेली, तिच्यामागोमाग भावाभावांत वाटणी झाली, २०२० च्या वादळात मोडलेले माड-पोफळींचे आगर अजून अर्धे ओसाड आहे, आणि शिकायला परदेशी गेलेली मुलगी परत येईल असे तुम्हाला वाटत नाही. मधल्या काळात तुम्ही विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर केले, अनित्यतेवरची व्याख्याने ऐकली आणि काहीच टिकत नाही हे तुम्हाला मनापासून पटले. ते पटल्यावर शांत वाटायला हवे होते, पण कोरडे वाटू लागले. ‘घर शाकारायचे तरी कुणासाठी, आणि पोफळी लावायच्या तरी कुणासाठी?’ हे तुमचे शेवटचे वाक्य.

मी याच पट्ट्यात गेली २२ वर्षे समुपदेशनाचे काम करते आहे. हा प्रश्न माझ्या पडवीत वर्षातून पाचसात वेळा तरी येतो. बहुधा तो पावसाळ्याच्या तोंडावर येतो, कारण घर शाकारायचे की नाही हे तेव्हा ठरवावेच लागते. पुढे ज्यांच्याविषयी लिहिले आहे त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

उत्तराकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट बाजूला काढावी लागेल, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. ‘कशातच अर्थ वाटत नाही’ हे वाक्य तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून येते. नैराश्याच्या आजारातून येते, शोकातून येते, आणि खरोखरीच्या विचारातूनही येते. शब्द तिन्हीकडे तेच असतात. सलग दोन आठवडे झोप बिघडलेली असेल, पहाटे तीनला जाग येऊन छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटत असेल, अन्नावरची वासना उडाली असेल, पूर्वी आवडणारी माशाची आमटीसुद्धा बेचव लागत असेल, किंवा संध्याकाळच्या ‘एका पेगा’चे तीन झाले असतील, तर तो तत्त्वज्ञानाचा प्रश्न म्हणून सोडवत बसू नका. डॉक्टरांना भेटा. गावात मनोविकारतज्ज्ञ नाही ही सबब आता पुरत नाही. केंद्र सरकारची टेली-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तिचा क्रमांक १४४१६ आहे आणि ती रात्रंदिवस चालते. मरणाचे विचार येत असतील तर हे उत्तर पुढे वाचण्याआधी तो क्रमांक लावा. शोकाविषयीही सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात आता ‘दीर्घकालीन शोक’ हे स्वतंत्र निदान आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ माणूस त्या दुःखातच अडकून पडला असेल आणि त्याचे रोजचे व्यवहार ठप्प झाले असतील, तर त्याचा विचार करतात. आईची आठवण दीड वर्षाने येणे हा आजार नव्हे. मात्र तिच्या खोलीचे दार अजून उघडवत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

हे तपासून झाले असे धरून पुढे लिहिते.

माझ्या मते तुमची अडचण अनित्यता ही नाही. तुम्ही किनाऱ्यावर वाढलात, म्हणजे बदल तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. पावसाळ्यात समुद्र पुळण खाऊन टाकतो आणि दिवाळीपर्यंत वाळू परत आणून घालतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या शाकारून वर ओढलेल्या असतात, आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास बंदर पुन्हा गजबजते. अंगणात दिवाळीनंतर मांडव उभा राहतो आणि मिरगाआधी उतरवला जातो. सारवलेली जमीन उखणते आणि पुन्हा सारवली जाते. इतक्या तात्पुरत्या गोष्टींमध्ये आपण वाढतो, आणि त्या तात्पुरत्या आहेत म्हणून आपल्याला कधी रडू आलेले नाही. हे सगळे बदल परत येणारे आहेत.

आई गेली, घराचे तीन हिस्से झाले, मुलगी दूर गेली, हे बदल परत न येणारे आहेत. आपल्याकडे सांत्वन करणारे लोक हे दोन प्रकार सर्रास एकात एक मिसळतात. ‘गणपती नाही का दरवर्षी विसर्जन करत, तसेच हे’ असे एका बाईंना त्यांच्या आईच्या तेराव्याला कुणीतरी ऐकवताना मी स्वतः ऐकले आहे. गणपती पुढच्या वर्षी येतो म्हणून तर त्याला पाण्यात सोडवते! आई पुढच्या वर्षी येत नाही. जो दाखला एका प्रकाराला लागू आहे तो दुसऱ्याला लावला की, ऐकणाऱ्याच्या मनाला कुठेतरी खोटे जाणवते, आणि मग तो सगळ्याच बोलण्यावरचा विश्वास गमावतो. कोकणी माणूस पहिल्या प्रकारात तरबेज आहे. दुसऱ्या प्रकाराशी त्याची गाठ गेल्या दोन पिढ्यांत फार वेळा पडली आहे. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी जिल्ह्याची सुमारे ४.८ टक्क्यांनी घटली, आणि सिंधुदुर्गाचीही घटलीच. मुंबईचा चाकरमानी गणपतीला येतो आणि परत जातो, या लयीला आपण सरावलो होतो. आता काही घरांतून गणपतीच मुंबईला हलले आहेत. बंद घर म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

तेव्हा तुमचा प्रश्न मी असा मांडेन: जे परत येणार नाही त्याच्यावर इतकी वर्षे जी माया केली, ती फुकट गेली का? आणि जी फुकट जाणार आहे ती पुन्हा कशाला करायची?

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे, कारण मी जे काही शिकले ते तिच्यातून शिकले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ दुपारी श्रीवर्धन–दिवेआगर परिसरात किनाऱ्यावर धडकले आणि आपला भागही झोडपून गेले. टाळेबंदी चालू होती, वीज नव्हती, फोन बंद होते. आठवड्याने मी एका वयस्क बागायतदारांकडे गेले. त्यांच्या आगरात उभे राहिल्यावर पहिल्यांदा जाणवला तो उजेड. ज्या आगरात भर दुपारी सावलीमुळे चष्मा काढून पुसावासा वाटे, तिथे ऊन थेट जमिनीवर पडले होते. पोफळी मध्यावर मोडून एकमेकींवर आडव्या पडल्या होत्या, उभ्या राहिलेल्या माडांच्या झावळ्या एकाच बाजूला पिंजारल्या होत्या, आणि सावली गेल्यामुळे जायफळाची पाने चार दिवसांत तांबूस पडू लागली होती. मी तेव्हा शहाणपणाने म्हटले, ‘काका, बदल हा निसर्गाचा नियम आहे.’ ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘बाई, नियम तुमच्याकडे ठेवा. माझे माड मोजायला मदत करता का?’

आम्ही मोजत निघालो. ते पुढे, मी वही घेऊन मागे. पंचनाम्यासाठी आकडा हवा होता, पण ते नुसता आकडा सांगत नव्हते. हा वडिलांनी लावलेला, ही रांग थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या वर्षीची, या पोफळीवरून गडी पडला होता आणि पाय मोडून दोन महिने आमच्याच ओटीवर होता, असे प्रत्येक बुंध्यापाशी थांबून चालले होते. दोन तासांत आम्ही अर्धे आगरही संपवले नाही. मी वहीत रकाने पाडले होते ते सोडून दिले आणि ते जसे सांगत होते तसे उतरवून घेऊ लागले. त्या दिवसानंतर मी कुणालाही आधी अर्थ शोधायला सांगत नाही, आधी मोजदाद करायला सांगते. काय गेले ते एकेक नाव घेऊन मोजले नाही, तर ‘सगळेच जाते’ ही मोठी समजूत त्यावर झाकणासारखी बसते आणि खाली सगळे तसेच कुजत राहते. रागावू नका, पण तुमच्या पत्रात अनित्यतेविषयी पंधरा ओळी आहेत आणि आईविषयी एक.

विपश्यनेला मी दोष देत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कित्येकांना तिचा फायदा झालेला आहे. पण अनित्यतेची शिकवण दोन तऱ्हांनी वापरली जाते. मूठ सैल करण्यासाठी तिचा उपयोग होतो, आणि हातच काढून घेण्यासाठीही होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, कारण दोन्हींत माणूस आरडाओरडा करत नाही. फरक ओळखायचा असेल तर स्वतःला विचारा: हे पटल्यापासून शेजाऱ्याच्या पोराचा दहावीचा निकाल ऐकून मला पूर्वीइतका आनंद होतो, की कमी होतो? बुद्धाच्या शिकवणीत अनित्यतेबरोबर मैत्री आणि करुणाही येतात, हे तिथे तुम्ही ऐकलेच असेल. माया आटत चालली असेल, तर औषधाची मात्रा चुकली आहे.

आता तुमच्या ‘कुणासाठी?’ या शब्दाकडे येते. आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर पिढ्यान् पिढ्या ‘मुलाबाळांसाठी’ असे असे. आजा लावील माड आणि नातू खाईल शहाळे, हा हिशेब इतका अंगवळणी पडला आहे की, नातू शहाळे खायला येणार नाही असे दिसताच माड लावणेच निरर्थक वाटू लागते. म्हणजे आपण अर्थ ‘टिकण्या’वर पैजेला लावलेला असतो. आपण टिकणार नाही हे मान्य असते, पण घर टिकेल, आडनावाची पाटी टिकेल. ती पैज हरली की सगळेच हरल्यासारखे वाटते. पैज मुळात कच्ची होती असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण त्याच बागायतदारांच्या गोष्टीत आहे.

वादळानंतर पुढच्या वर्षी, वयाच्या ७४ व्या वर्षी, त्यांनी पुन्हा लावणी केली. पोफळीच्या कोवळ्या रोपाला थेट ऊन सोसत नाही, म्हणून त्यांनी आधी केळी लावल्या आणि त्यांच्या सावलीत रोपे घातली. पोफळ धरायला पाचसात वर्षे लागतात, उंच जातीच्या माडाला त्याहून अधिकच, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. मुलगा डोंबिवलीला स्थायिक झालेला. मी विचारले, ‘काका, कुणासाठी?’ मला काहीतरी थोर उत्तर अपेक्षित होते. ते म्हणाले, ‘मोकळी जमीन बघवत नाही. आणि सकाळी उठून शिंपायला नको का काही?’ दोन वर्षे ते रोज सकाळी पाटाचे पाणी फिरवत होते. मग ते गेले. आज त्या आगराच्या विक्रीची बोलणी चालू आहेत, आणि तिथे एखादे रिसॉर्ट होण्याची शक्यता बरीच आहे.

तर मग त्या दोन वर्षांच्या सकाळी फुकट गेल्या का? आगर राहिले असते तर त्यांना अर्थ असता आणि विकले गेले तर नाही, असे मानायचे झाल्यास, २०२२ सालच्या एखाद्या सकाळी एका म्हाताऱ्या माणसाने केलेल्या कामाचा अर्थ पुढे कुणीतरी निबंधक कार्यालयात केलेल्या सहीवर अवलंबून आहे, असे म्हणावे लागेल. हे मला पटत नाही, आणि नीट विचार केलात तर तुम्हालाही पटणार नाही. जे घडून गेले ते घडून गेले. त्याला आता कोणतेही वादळ किंवा वाटणी हात लावू शकत नाही. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल (१९०५–१९९७) यांनी नाझी छळछावण्यांत आईवडील, भाऊ आणि पत्नी गमावल्यानंतरही हाच मुद्दा धरून ठेवला होता: भविष्यकाळातले काहीही हिरावले जाऊ शकते, भूतकाळात जमा झालेले मात्र सुरक्षित असते. त्यांची लोगोथेरपी ही उपचारपद्धती अर्थाच्या तीन वाटा मानते. हातून काही घडवणे ही एक, कुणावर किंवा कशावर तरी जीव लावून अनुभव घेणे ही दुसरी, आणि जे टळत नाही त्याला आपण कसे सामोरे जातो ही तिसरी. माझ्या अनुभवात आपल्याकडची माणसे तिसऱ्या वाटेवर फार लवकर उडी मारतात. ‘सोसायचे’ हे आपल्याला चांगले जमते. तुम्हीही तिथेच जाऊन बसला आहात, आणि पहिल्या दोन वाटा अजून उघड्या आहेत.

एक उदाहरण जवळून दाखवते. वरच्या अंगाच्या एका गावात दिवाळीनंतर वहाळावर दगड, माती आणि पेंढा घालून कच्चा बंधारा बांधतात. पाणी तुंबवून पाटाने खाली आणतात, आणि मे महिन्यापर्यंत प्रत्येक घराला त्याची पाळी लावून मिळते. जूनच्या पहिल्या लोंढ्यात बंधारा जातो. तिथल्या एका बाईंचे यजमान पाळी लावण्याचे काम करत. ते श्रावणात गेले. दिवाळीनंतर वाडीतली माणसे दारात येऊन उभी राहिली, कारण क्रम कुणालाच नीट ठाऊक नव्हता. बाईंना ठाऊक होता. तीस वर्षे पाळीवरून होणारी भांडणे त्यांनी चुलीपुढे बसून ऐकली होती! त्यांनी नको नको म्हणत ते काम घेतले. पुढच्या वर्षी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, ‘ते गेले ते गेलेच हो. पण पाळीच्या दिवशी मला त्यांचा राग येतो. एवढी भांडणे अंगावर घेत होते आणि घरी अवाक्षर बोलत नसत.’ मेलेल्या नवऱ्याचा राग येणे हे मला त्या वर्षातले सर्वांत चांगले लक्षण वाटले. शोक करणाऱ्याने गेलेल्या माणसाशी नाते तोडून पुढे जावे, असे आमच्या क्षेत्रात पूर्वी शिकवत. १९९० च्या दशकापासून हा आग्रह सैल झाला, आणि ते नाते नव्या रूपात चालू ठेवणे बऱ्याच जणांना उपकारक ठरते असे आता मानले जाते. या बाईंकडे ते एका कामाच्या रूपाने चालू राहिले. (त्या गावाला पक्का बंधारा मिळाला तर मला आनंदच होईल. अर्थ सापडावा म्हणून कुणी दरवर्षी दगड उचलत राहावे, असले रम्य मत माझे नाही.)

यावरून मी सहसा जे करायला सांगते ते असे. एका कागदावर गेल्या पाच वर्षांत बदललेल्या गोष्टी लिहा आणि परत येणाऱ्या व न येणाऱ्या अशा दोन बाजू करा. न येणाऱ्यांपैकी प्रत्येकीसमोर, तिने तुमच्याकडे काय सोपवले ते लिहा. आईने काय सोपवले? एखादी पाककृती असेल, दारात येणाऱ्या एखाद्या माणसाला विचारपूस करून चहा देण्याची रीत असेल, भावाशी बोलणे न सोडण्याची ताकीद असेल. काहींसमोर काहीच लिहिता येणार नाही, ती जागा मोकळी सोडा, जबरदस्तीने भरू नका. मग त्या यादीतले एकच काम एका हंगामापुरते घ्या. हंगाम अशासाठी की, तेवढ्या काळात फळ दिसते आणि तेवढ्यासाठी अमर असण्याची गरज लागत नाही. आणखी एक अट मी आवर्जून घालते: ते काम असे असावे की, तुम्ही एक दिवस गेला नाहीत तर कुणीतरी विचारील, ‘आज का आला नाहीत?’ एकट्याने करायच्या साधनेला माझा विरोध नाही, पण तुमच्यासारख्या, नुकत्याच गावी परतलेल्या आणि ओळखी विरळ झालेल्या माणसाला तिच्याने अधिक एकटे पाडलेले मी पाहिले आहे. आधी उत्साह येईल आणि मग काम सुरू करू, अशी वाटही पाहू नका. बहुतेकदा क्रम उलटा असतो, हात चालू लागल्यावर मन मागून येते, तेही पंधरावीस दिवसांनी.

हे सगळ्यांना लागू पडत नाही. घरात पैशांची खरी ओढाताण असेल, भावाशी कोर्टकज्जा चालू असेल किंवा तुम्ही कुणा आजाऱ्याची रात्रंदिवस शुश्रूषा करत असाल, तर मी वेगळे लिहिले असते. तुमच्या पत्रावरून तसे दिसत नाही.

मुलीविषयी एकच सांगते. तिला ‘परत येशील का’ असे विचारू नका. आजीच्या हातचे कोणते पदार्थ तिला आठवतात, एवढे फोनवर विचारा आणि लिहून घ्या. मोजदादीचा तोही एक भाग आहे.

आणि घराचे. सगळे घर एकदम शाकारायचे म्हटले की, डोळ्यांपुढे पुढची तीस वर्षे उभी राहतात आणि हात गळतो. या मे महिन्यात फक्त पडवी घ्या. वासे ठोकून पाहा, वाळवी लागलेले बदला, कौले उतरवताना वाटणीत वेगळा झालेला भाऊ गावात असेल तर त्याला खालून झेलायला बोलवा, कारण वर एक आणि खाली एक असल्याशिवाय ते काम होत नाही. जुन्या कौलांपैकी धड असतील ती निवडून वेगळी रचा, नवी त्यांच्या मापाला बसतीलच असे नाही. पडवी कोरडी राहिली तर येणाऱ्या माणसाला बसायला जागा होईल. माजघर एक पावसाळा थांबू शकते.